म्हैस मेली, अभिनंदन!

चार माणसं रोज एकाच गाडीतून जायला-यायला लागली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, टायरला चिखल लागावा तसे ते आपोआप लागत जातात. आमची बारामती-इंदापूर गाडी त्यातलीच. गाडी भापकर साहेबांची. साहेब कृषी खात्यातले, त्यामुळं गाडी चालवताना त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि दोन्ही बाजूंच्या पिकांवर जास्त! त्यांच्या शेजारी आबा. पाटबंधारे खात्यातले, आमच्यात सगळ्यांत थोरले, पिंपळीला चढायचे. मागं सुरेखा मॅडम, निमगाव केतकीच्या हायस्कूलात इतिहास शिकवतात. आणि त्यांच्या शेजारी मी, इंदापूरच्या कॉलेजातला गणिताचा मास्तर. डिझेल चौघांत, गप्पा फुकट!

ह्या गप्पांचे माझ्यावर फार उपकार आहेत. "क्रिप्टोत पैसे टाका, घरबसल्या रोज नफा घ्या" म्हणणारी बोगस कंपनी कशी ओळखायची, हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, ह्या गाडीनं शिकवलं. शिकायची वेळ आली ती मात्र आबांमुळं.

आबा त्या वर्षी रिटायर होणार होते. फंड, ग्रॅच्युइटी, सगळी नोकरीभरची कमाई एकदम हातात यायची होती. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांच्यासाठी पिंपळीत पत्र्याच्या जागी स्लॅबचं घर बांधायचं होतं. पण एक दिवस आबा गाडीत बसले तेच म्हणाले, "सगळी रक्कम कॉइनमधी टाकतोय. तीन-चार महिन्यात डबल. मग दोन मजली बांधू!"

"काकू वर कशा जाणार?" मॅडमनी विचारलं.

"लिफ्ट लावू की!"

कॉइनचं नाव सांगत नाही. लपवायचं आहे म्हणून नव्हे. आम्ही ऐकत होतो तेवढ्या दिवसांत ते तीनदा बदललं!

*

हे खूळ आणलं होतं विकासनं. विकास म्हणजे काकूंच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, राहायला निमगावला. पोरगा वाईट अजिबात नाही. काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी आबांचा मुलगा परदेशात होता, तेव्हा दवाखान्यात डबा, औषधं, उचलणं-बसवणं सगळं ह्या विकासनं केलेलं. आबा ते कधी विसरले नाहीत. त्यामुळं विकास म्हणाला की आबांनी मान डोलवलीच.

एकदा तो निमगावच्या स्टॉपवर मुद्दाम आम्हाला भेटायला आला. सुरेखा मॅडमचा एक जोडधंदा आहे, बिनपगारी. पाहुण्यारावळ्यांच्या पोरींची लग्नं जुळवताना मुलाकडची चौकशी त्या करतात. मुलाचं गाव, घर, मामाचं गाव, आधी कुठं नोकरी केली, ती का सोडली, सगळं! त्यांनी तोच पट्टा विकासवर सोडला.

"कंपनीचा मालक कोण?"

"मॅडम, फॉरेनचा हाय."

"गाव कुठलं?"

"मॅडम, ह्यात गाव नसतंय. सगळं ऑनलाइन. डिसेंट्रलाइज्ड हाय."

"ऑफिस?"

"ते बी ऑनलाइनच."

मॅडमनी खिडकीची काच वर करत शांतपणे सांगितलं, "विकास, ज्याला गाव नाही, घर नाही, त्याला आपण मुलगी दाखवत सुद्धा नाही. पैसे कसे द्यायचे?"

विकास हसला. आबा मात्र अंथुर्णं येईपर्यंत मोबाईलमध्ये मालक शोधत होते.

*

दुसऱ्या दिवशी आबांनी मालकाचा फोटोच आणला मोबाईलवर. सूट, टाय, दात असे की पाहत राहावं. "घ्या, हितं हाय की माणूस!"

फोटोवरून माणूस शोधायची सोय मोबाईलमध्ये असते. गाडी लासुर्ण्याच्या चौकात असताना मी तो फोटो त्यात टाकला. गडी सापडला! एका ठिकाणी दातांचा डॉक्टर म्हणून. दुसऱ्या ठिकाणी गादीवर छान झोप लागलेलं गिऱ्हाईक म्हणून. आणि तिसऱ्या ठिकाणी हा आमचा कॉइनवाला. जाहिरातींसाठी विकत मिळणारा फोटो होता तो.

भापकर साहेबांनी आरशातून एक नजर टाकली. "आबा, माणूस कष्टाळू हाय. तीन-तीन नोकऱ्या करतोय!"

*

आबा खचणारे नव्हते. रविवारी बारामतीत एका हॉटेलात त्या कंपनीचा कार्यक्रम होता, तिथं ते भापकर साहेबांना घेऊन गेले. जेवण चांगलं होतं असं साहेब अजून सांगतात. मोठमोठ्यानं गाणी, स्टेजवर धूर. मग एकेक "करोडपती" वर बोलावले. त्यातला एक जण रडतच म्हणाला, "मी नोकरी सोडली! आज माझ्या दारात मोठी गाडी आहे! आज रात्री बारापर्यंत जो पैसे भरेल, त्याच्याही दारात येईल!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, कारण बासुंदी अजून यायची होती.

कार्यक्रम संपला. दोघं पार्किंगमध्ये आले, साहेबांनी गाडीचं दार उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. बघतात तर स्टेजवरचा करोडपती!

"साहेब, जरा स्टँडपर्यंत सोडता का? शेवटची एसटी जाईल."

त्याला सोडला. उतरताना तो दोघांचेही हात धरून "लय उपकार झाले" म्हणाला. सोमवारी हे ऐकून आम्ही मागं हसून हसून आडवे झालो. आबा मात्र गंभीर. "साधी राहणी हाय माणसाची," म्हणाले.

*

मग माझी पाळी आली. रोज एक टक्का, आणि नफा आत ठेवला तर नफ्यावरही नफा, असा कंपनीचा शब्द होता. मी गणित मांडलं. "आबा, तुमचा नातू आत्ता बालवाडीत आहे. त्याची चौथी होईपर्यंत जगातला जवळजवळ सगळा पैसा तुमच्या नावावर असेल!"

मला वाटलं, झालं, आता पटलं. आबांनी विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "तेवढा नगो. मला दोन मजल्यांपुरता बास हाय. बाकीच्यांनी काय खायाचं?"

ह्या माणसावर रागवायचं कसं? माझं गणित तिथंच संपलं. शेवटी भापकर साहेबांनीच गाडी बाजूला घेतली आणि रस्त्याकडेच्या डाळिंबाच्या बागेकडं बोट केलं. "आबा, ह्या बागेवर तेल्या, मर असले रोग येतात, भाव पडतो. एखादं वरीस मालामाल, एखादं वरीस खर्च बी निघत न्हाय. बरोबर? आन ज्या झाडाला कधीच कीड लागत न्हाय, बारा महिनं तेवढीच फळं, ते झाड कुठं बघितलंय?"

"कुठं?"

"हॉटेलात. प्लास्टिकचं असतंय!"

आबा हसले. पण डोक्यातून कॉइन काही जाईना.

*

ह्यानंतरचा किस्सा म्हणजे कळसच.

विकासनं आबांना कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं होतं. शेकडो लोक. सकाळपासून नुसता आनंदीआनंद! कुणी स्कूटर घेतली, कुणी आईला सोनं केलं. आबा आम्हाला एकेक वाचून दाखवायचे. "एवढी माणसं खोटं बोलतील व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "माणसं आहेत का, तेच आधी बघू. आबा, ग्रुपवर लिहा, आज आमची म्हैस मेली."

आबा दचकले. त्यांच्या गोठ्यात खरोखर म्हैस होती. "जित्या जनावराबद्दल असलं कसं लिवू?"

"मग शेजाऱ्याची लिहा."

"शेजाऱ्यानं काय घोडं मारलंय?"

शेवटी भापकर साहेब स्टिअरिंग धरून ओरडले, "माझी लिवा! माझ्याकडं म्हैसच न्हाय!"

आबांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आज सकाळी भापकर साहेबांची म्हैस मेली."

आणि पाठवलं. मग टिंग! पहिला मेसेज, "अभिनंदन सर!" मग टिंग! "खूप छान! मी पण कालच केलं, आयुष्य बदललं!" मग नागपूरच्या कुणी बाईंनी लिहिलं, "ह्या यशाचं श्रेय आपल्या टीमला!" आणि त्याखाली फुगे, फुलं, फटाके!

साहेबांना हसू आवरेना, गाडी बाजूला घ्यावी लागली. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी. मीही पोट धरून बसलो होतो. त्या अनोळखी मशिनी मंडळींचे मी आजही मनापासून आभार मानतो, कारण त्या दिवशी पहिल्यांदा आबांचा चेहरा बदलला. त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाले,

"एकानं तरी कशानं मेली म्हणून इचारायला पायजे हुतं."

*

तरीही धागा तुटला नव्हता. कारण आबांनी आधीच थोडे पैसे घालून पाहिले होते, आणि ते नफ्यासकट परत आले होते! त्यांनी आम्हाला पेढे दिले. पेढा खाता खाताच साहेब म्हणाले, "बाजारात म्हैस इकायची आसली की आदल्या दिशी धार काढत न्हाईत. कास तटतटून दिसती. पहिल्या धारेला भुलून म्हैस घेतली की मेलास. दुसऱ्या-तिसऱ्या दिशीची धार बघायची."

दुसरी धार बघितली. ह्या वेळी जरा जास्त रक्कम होती. काढायला गेलं तर अॅप म्हणतं, आधी टॅक्स भरा, मग पैसे मिळतील!

मी विचारलं, "आबा, तुमच्या पगारातून टॅक्स कापून घेतात, का पगाराआधी तुम्ही घरून नेऊन भरता?"

त्यांनी विकासला फोन लावला. विकास म्हणाला, "मोठी रक्कम टाकली की टॅक्स माफ हाय, आबा."

आबांनी फोन ठेवला. आणि तेव्हा जे बोलले त्यानं आमची सगळ्यांची थट्टा बंद झाली. "मला काय कळत न्हाय व्हय? समदं कळतंय. पण तिच्या ऑपरेशनला पोटच्या पोराच्या जागी हुबा राहिला त्यो. त्याला कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू?"

पिंपळी आली, आबा उतरले. घर काकूंचं होतं, आणि ते जाणार होतं चांगुलपणाच्या पायी.

*

आबा रिटायर झाले. काही आठवड्यांनी रक्कम खात्यात जमा झाली. त्या दिवशी ते कागदांच्या कामाला इंदापूरला आले होते, संध्याकाळी आमच्याच गाडीत परतीला बसले. म्हणाले, "निमगावला जरा थांबू. विकासनं बोलावलंय. त्याच्यापुढंच ट्रान्स्फर करतो."

मॅडम स्टॉपवर उभ्याच होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मीही येते. मुलाची चौकशी मुलाकडं संपत नाही, आईकडं संपते."

विकासच्या घरी गेलो. पोरगा वाळलेला दिसत होता, डोळ्यांखाली काळं. फोन सारखा वाजत होता आणि तो सारखा बंद करत होता. त्याच्याकडं बघून मला राग येईना, त्याचे स्वतःचे किती अडकले असतील कुणास ठाऊक. त्यानं आबांना खुर्ची दिली, शेजारी बसला, अॅप उघडून दिलं. "आबा, हितं नंबर टाका. मग ओटीपी येईल."

आबांनी चष्मा लावला.

तेवढ्यात विकासची आई चहा घेऊन आली. काकूंची थोरली बहीण, आबाही त्यांना आक्काच म्हणतात. मॅडमनी कप घेत सहज विचारलं, "आक्का, तुम्ही किती घातलेत ह्यात?"

विकास मध्येच म्हणाला, "आईला काय कळतंय त्यातलं!"

आक्का ट्रे ठेवून आत गेल्या. आबांचं बोट मोबाईलवर तसंच. आत पेटीचं झाकण वाजलं. आक्का बाहेर आल्या त्या हळदीकुंकवाची कोयरी, टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन.

"पाव्हणं, रिटायर झालात. तुमचा आहेर ऱ्हायलाय. हुबं ऱ्हावा."

आबा उठले. आक्कांनी कुंकू लावलं, टोपी डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. नारळ पुढं केला. आबांच्या हातात मोबाईल. आक्कांनी तो अलगद काढून घेतला, नारळ त्यांच्या दोन्ही हातांत दिला, आणि मोबाईल सुरेखा मॅडमकडं दिला.

"मॅडम, ह्यो तुमच्या पर्समधी ठिवा. वाटंत पाव्हण्यांना देऊ नगा. पिंपळीला उतरा आन माझ्या भनीच्या हातात द्या."

विकास उठून उभा राहिला. आक्कांनी त्याच्याकडं पाहिलं नाही.

आबा नारळ धरूनच त्यांच्या पायाशी वाकले.