चौथ्या पोलची वायर

चौथ्या पोलची वायर मी कापायला लावली, तेव्हा माझे वडील खिडकीत उभे होते. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी माझी बाजू सावरत बसेन.

भांडुपला टेकडीकडे चढणाऱ्या एका खासगी रस्त्यावर आमची इमारत आहे. तीन इमारती, एक रस्ता, दिव्यांचे सहा पोल. बिल्डरने रस्ता महापालिकेच्या ताब्यात कधी दिलाच नाही. त्यामुळे त्याचे खड्डे, त्याचं गटार, त्याचे दिवे, सगळं तीन सोसायट्यांच्या गळ्यात. कुठला पोल कुणाच्या मीटरवर, याची कुठेही नोंद नव्हती. संध्याकाळ झाली की तिन्हीकडचे वॉचमन आपापल्या मीटर रूममधला खटका दाबायचे आणि रस्ता उजळायचा. कुणाला त्यात काही विचारावंसं वाटलं नाही.

चौथा पोल समोरच्या इमारतीच्या गेटशी उभा आहे, पण त्याला वीज जायची आमच्या मीटरमधून. ते काम अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील, परभणीकडून आलेले, आयुष्यभर एका कारखान्यात वायरमन होते. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तो पोल बंद असायचा आणि त्याच्याच खाली रस्त्याला उतार, शेजारी गटाराचं तुटकं झाकण. समोर तेव्हा धड कमिटी नव्हती. अण्णांनी एका रविवारी तिसऱ्या पोलवरून वायर ओढून तो चालू केला आणि कुणाला सांगितलंही नाही. मला माहीत होतं, कारण शिडी मी धरली होती.

पुढे मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. समोरचा सेक्रेटरी माझ्याच वयाचा, वडील गिरणीत होते त्याचे, मूळ गाव कोकणात. आमचं बरं होतं. एकमेकांना अरे-तुरे करायचो.

एप्रिलमधल्या जयंतीला अण्णा दरवर्षी रस्त्याच्या पोलांवर निळ्या-पांढऱ्या माळा लावायचे. आमच्या इमारतीत बौद्ध घरं नऊ. खाली स्टिल्टच्या पार्किंगमध्ये वंदना, मग खीर. माळा मात्र सगळ्या रस्त्याला. महिनाभर आधीपासून अण्णा हॉलमध्ये बसून एकेक बल्ब तपासायचे, गेलेला काढायचे, जोड पुन्हा टेपने गुंडाळायचे. गुडघे गेल्यावर ते शिडी चढायचे थांबले, पण माळ कुठून कशी न्यायची हे खालून तेच सांगायचे.

तीन वर्षांपूर्वी जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्या माळा आमच्या गेटशी सिमेंटच्या गोणीत भरलेल्या सापडल्या. काढताना ओढल्या होत्या, बरेच बल्ब फुटलेले. आमच्या वॉचमनने सांगितलं, समोरच्या साहेबांनी उतरवायला लावल्या. मी तसाच समोर गेलो. अण्णा माझ्या मागून, सावकाश.

तो गेटवरच होता. म्हणाला, "हे बघ, मनावर घेऊ नको. पोल रस्त्याच्या दिव्यासाठी आहेत. आमच्याकडे काही जणांनी हरकत घेतली."

"आणि गणपतीत अकरा दिवस लावता ते?"

"गणपती सगळ्यांचे असतात रे."

एवढं बोलून तो अण्णांकडे वळला आणि हसून म्हणाला, "काका, तुम्ही तुमच्या बिल्डिंगला लावा ना. मस्त दिसेल."

अण्णा मागे वळले. घरी येऊन त्यांनी गोणी जमिनीवर रिकामी केली, काचा गोळा केल्या आणि उरलेली माळ कोपर आणि पंजा यांच्यामध्ये गुंडाळत बसले. माझ्या डोक्यात त्या दिवशी जे बसलं, ते आजही पूर्ण उतरलेलं नाही. ठरवलं की याच रस्त्यावर, याच्याच डोळ्यांसमोर, अण्णांच्या माळा पुन्हा लागल्या पाहिजेत. आणि त्याने स्वतः विनंती करून, मान खाली घालून, लावू दिल्या पाहिजेत.

भांडण मला जमत नाही. मला कागद जमतात. मी महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज दिला की आमच्या रस्त्याच्या दिव्यांची जबाबदारी कुणाची ते लेखी कळवा. उत्तर काय येणार हे मला माहीतच होतं. रस्ता खासगी, सबब दिव्यांची जबाबदारी संबंधित सोसायट्यांची. तेवढंच मला हवं होतं. तो कागद घेऊन मी तिन्ही सोसायट्यांची बैठक बोलावली आणि ठराव मांडला. ज्या इमारतीसमोर जो पोल, त्याची वीज आणि देखभाल त्या इमारतीने आपल्या मीटरवरून करायची.

समोरच्याने हिशेब लावला असणार, आपल्या वाट्याला दोनच पोल येतायत. त्यातला चौथा आमच्या मीटरवर चालतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. सगळ्यात आधी हात त्याने वर केला. "एकदम क्लिअर काम," म्हणाला. "हेच पाहिजे होतं. उगाच गोंधळ नको." खाली सही करताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने मला किती आनंद झाला, ते सांगायची लाज वाटते.

आठ दिवस मी काही केलं नाही. नवव्या दिवशी वायरमन बोलावला. तो तिसऱ्या पोलवर चढला आणि वरून म्हणाला, "साहेब, ही जोडणी कुणाची? काय हात आहे. वीस वर्षांत टेप सुटली नाही."

"काप," मी म्हणालो.

तेव्हा मी वर पाहिलं आणि खिडकीत अण्णा दिसले. ते हलले नाहीत, मीही नाही. पक्कडीचा आवाज आला आणि वायर लोंबत खाली आली. त्याच दिवशी मी समोर पत्र पाठवलं. चौथा पोल ठरावानुसार आपल्या जबाबदारीत येतो, आजवर तो आमच्या मीटरवर चालत होता, तो पुरवठा बंद केला आहे. खाली त्याच्याच सहीच्या ठरावाची प्रत.

त्याला नवी केबल टाकायची तर रस्ता खोदावा लागणार होता. खोदायचं तर कमिटीची मंजुरी, आणि त्याच्या कमिटीत कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. मला ते माहीत होतं. आठवडे गेले. रोज संध्याकाळी मी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचो. पाच दिवे लागायचे आणि समोरच्या गेटपुढे काळा चौकोन उरायचा. लोक तिथे येऊन मोबाइलची बॅटरी लावायचे. एकदा त्याने खालून हाक मारली, "अरे, तात्पुरता तरी दे ना. म्हातारी माणसं आहेत आमच्यात."

"कमिटीला विचारतो," मी म्हणालो. कमिटी म्हणजे मीच.

अण्णा त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. एकदाच विचारलं, "किती दिवस?"

"तुमच्यासाठीच चाललंय, अण्णा."

"मी सांगितलं होतं?"

मला वाटत होतं, माळा लागल्या की त्यांना कळेल.

एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास समोर कुणीतरी ओरडलं. मी गॅलरीतच होतो, हातात चहा. दोन-तीन बॅटऱ्या पळाल्या, एका जागी जमल्या. त्या उजेडात मला भाजीची पिशवी दिसली आणि मग तो दिसला, गटाराच्या झाकणाशी बसलेला, पाय धरून. कुणीतरी "रिक्षा, रिक्षा" म्हणत होतं. मी खाली गेलो नाही. चहा संपवला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्या चहाची चव चांगली होती.

अण्णा खाली गेले. टॉर्च घेऊन, रेलिंग धरत, तीन मजले. रिक्षा येईपर्यंत ते त्याच्याजवळ बसून होते. परत आले तेव्हा धोतराला चिखल होता. टॉर्च जागेवर ठेवला आणि आत गेले.

घोट्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत स्क्रू टाकले. चौथ्या दिवशी त्याची बायको आमच्याकडे आली. शाळेत शिकवते, शांत बाई. उभ्यानेच म्हणाली, "भाऊजी, ते नाही येऊ शकत म्हणून मी आले. दिवा चालू करा. पाहिजे तर मी माफी मागते."

मी तिला बसवलं. कागद आणि पेन दिलं. म्हणालो, "असं तोंडी नाही होत, वहिनी. अर्ज लिहावा लागेल."

आणि मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. विनंती की चौथ्या पोलचा पुरवठा आपल्या मीटरवरून पूर्ववत करावा. तसेच यापुढे रस्त्याच्या पोलांवर जयंतीच्या माळा लावण्यास आमची हरकत राहणार नाही. 'हरकत' लिहून ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते तिला तोवर कळलं होतं. मी म्हणालो, "लिहा. खाली त्यांची सही आणा."

ती गेल्यावर आतून अण्णांचा आवाज आला. "चहा दिलास का तिला?"

"नाही."

"पाणी?"

तेही दिलं नव्हतं.

सही आली, दुसऱ्या दिवशी वायर जोडली, दिवा लागला. मला पाहिजे होतं ते सगळं झालं होतं. तो कागद मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून जपून ठेवला आणि एप्रिलची वाट बघायला लागलो. मार्चच्या सुरुवातीला अण्णांनी माळा बाहेर काढल्या नाहीत. मला वाटलं, विसरले. वयही झालंय.

मी फोल्डर त्यांच्यासमोर ठेवला. "अण्णा, माळा काढू ना? परवानगी आहे आता. लेखी. त्याची सही आहे."

त्यांनी चष्मा लावला आणि सगळं वाचलं. बाईचं अक्षर सुंदर होतं. मग कागद परत आत सरकवला.

"नको."

"अहो, पण एवढं सगळं…"

"त्याने माळा काढल्या, तो त्याचा हलकेपणा," अण्णा म्हणाले. "आपल्या दारात आलेल्या बाईला तू समोर बसवून लिहायला लावलंस. तसं लिहून घेणारे लोक मी गावाकडे पाहिलेत. माझ्या माळा त्या कागदावर नाही लागणार."

त्या वर्षी रस्त्यावर माळा लागल्या नाहीत. खाली वंदना झाली, खीर झाली. समोरची बाई दरवर्षी वाटी घेऊन यायची, ती आली नाही. संध्याकाळी समोरचा काठी टेकत गेटपर्यंत आला आणि पोलांकडे बघत राहिला. सहाच्या सहा दिवे, नुसते. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. मी गॅलरीतून आत आलो.

अण्णांनी त्यानंतर माळांचा विषय काढला नाही, आणि मीही नाही. समोरच्या घरी जाऊन बोलावं असं मनात येतं. बाईपाशी तरी. शब्दही ठरवून ठेवतो. मग तो खाली दिसतो, उताराशी आला की पाय जपून टाकताना, आणि मी तो पलीकडे जाईपर्यंत बघत राहतो. त्या वेळी मला वाईट वाटायला हवं. थोडं वाटतं. बाकीचं काय वाटतं ते अण्णांना कळू नये म्हणून मी तोंड वळवतो.