सोळा वर्षांचा नायक

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला सगळे भिंगकाका म्हणत. गिऱ्हाइकांना त्यांचं तोंड क्वचितच दिसे. दिसायची ती त्यांनी घासलेली काच, आणि तीही एकदा नाकावर चढली की तिच्याकडे कोण बघतो? साठीला टेकलेल्या या माणसाने कादंबरी लिहायला घेतली, आणि तीसुद्धा सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी, तेव्हा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मालकांनी टोमणा मारला. काकांनी ते हसण्यावारी नेलं. खरं कारण दुकानात सांगण्यासारखं नव्हतंच.

त्यांचा एकुलता एक मुलगा सोळाव्या वर्षी गेला होता. तापाचं निमित्त झालं आणि होत्याचं नव्हतं झालं. त्याला वीसेक वर्षं उलटली, पण काकूंनी त्याचा विषय घरात कधी निघू दिला नाही. निघालाच तर त्या उठून ओटा पुसायला लागत, आधीच पुसलेला असला तरी. काकांना वाटायचं, हिने एकदा त्याचं बोलणं ऐकावं, निदान मोकळेपणी रडेल तरी. म्हणून त्यांनी कादंबरीत तो होता तसा उतरवला. जिन्यातूनच हाका मारत येणारा, आईला ‘सरकार’ म्हणणारा, गणिताच्या मास्तरांना ‘शत्रुपक्ष’ म्हणणारा. लिहून झाल्यावर त्यांनी भीतभीत काकूंना सांगितलं. काकूंनी मटार सोलता सोलता मान वर न करता उत्तर दिलं, “छापून आलं की वाचीन.” एवढं बोलली हेच काकांना खूप झालं.

किशोरांची पुस्तकं काढणाऱ्या एक संपादकबाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांची एक पद्धत होती. आलेलं हस्तलिखित त्या आधी शाळा-कॉलेजातल्या पोरांना वाचायला देत आणि सांगत, जिथे कंटाळा येईल तिथे फुली मारा, शेजारी कारण लिहा. काकांची पानं परत आली ती फुल्यांनी भरून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ‘आईला सरकार कोण म्हणतं?’ ‘शत्रुपक्ष काय, नाटकात आहे का?’ एका मुलीने तर लिहिलं होतं, ‘हा मुलगा आजोबांसारखा बोलतो.’ जो सतरा वर्षांचाही झाला नाही, त्याला कोणीतरी आजोबा म्हटलं होतं. त्या दिवशी काकांच्या हातून दोन काचा तडकल्या.

बाई मनाच्या चांगल्या होत्या. गोष्टीत जीव आहे, पण मुलगा आजचा करा, नाहीतर पोरं दहाव्या पानावर पुस्तक मिटतील, असं त्यांनी समजावलं. मुलगा कोणाचा हे काकांनी सांगितलं असतं तर बाईंनी एक फुलीही मानली नसती. पण कोणाच्या कीव करण्याने त्यांना ते पुस्तक छापून नको होतं.

मग काकांनी आपलं स्टूल खोलीच्या दारातल्या पडद्याजवळ ओढलं. चष्म्याला आलेली पोरं एकमेकांना काय म्हणतात, आयांवर कशी वैतागतात, फोनवर कशी कुजबुजतात, ते कान देऊन ऐकायला लागले. ऐकलेलं मुलाच्या तोंडी घालायला लागले. आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना सुख वाटायला लागलं. मुलाला फोन मिळाला, नवे मित्र मिळाले, तो चुरूचुरू बोलायला लागला. इतकी वर्षं एका जागी अडकून पडलेलं पोर पुन्हा चारचौघांत हिंडायला लागलं असं त्यांना वाटे. दर फेरीला फुल्या कमी होत गेल्या. शेवटच्या फेरीत त्या मुलीने लिहिलं, ‘असा भाऊ हवा.’

पुस्तक आलं आणि पोरांनी ते डोक्यावर घेतलं. मालकांनी दर्शनी काचेत एक प्रत लावली. काकूंनी मात्र सुट्टीच्या दुपारी आपली प्रत उघडली, ती ओळीवर बोट ठेवून, एक शब्द न गाळता वाचून काढली. काका समोर पेपर धरून बसले होते, पण अक्षर वाचत नव्हते. ऊन उतरलं तेव्हा काकूंनी पुस्तक मिटलं. डोळे कोरडे होते.

“छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “गोड मुलगा आहे. कोणाचा हो?”

काकांनी पेपर खाली ठेवला.

“मला वाटलं होतं, आपला असेल,” काकू म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या आपण होऊन बोलत होत्या. “आधीचं लिहिलेलं आहे का कुठे?”

नव्हतं. फुल्या बघवेनात म्हणून काकांनीच ती पानं फाडून टाकली होती.

“मग तोंडी सांगा. तो जिन्यातून काय ओरडत यायचा? मला आठवेनासं झालंय.”

काकांनी तोंड उघडलं. ओठांवर आलं ते चष्म्याला आलेल्या कुठल्याशा पोराचं वाक्य. त्यांनी ते गिळलं, पुन्हा आठवून बघितलं, तर दुसऱ्या पोराचं आलं. काकू समोर बसून ऐकायला थांबल्या होत्या.