भाजीच्या कप्प्यातली माती

माझी धाकटी जाऊ मातीच्या प्रयोगशाळेत आहे. शेजारणी विचारतात, "म्हणजे करते काय नक्की?" मी सांगते, "माती किती श्वास घेते ते मोजते." त्या हसतात, पण खरंच तसं आहे. बरणीत माती बंद करायची आणि तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव किती हवा सोडतात ते बघायचं.

यंदा तिच्याकडे एकाच डोंगरावरची तीन जंगलं होती. एक बारमाही हिरवं, एक पानगळीचं, एक ओळीने एकाच जातीची झाडं लावलेलं. दर ऋतूत तिन्हीकडची माती आणायची. पानगळीचा ऋतू तेवढा उरला होता. तिन्हीकडची ती माती आली आणि प्रयोगशाळेतला फ्रीज नेमका बंद पडला. म्हणून पिशव्या आमच्या घरी, भाजीच्या कप्प्यात.

सासऱ्यांची हयात धान्याच्या गोदामात गेलेली. ओल दिसली की त्यांचा जीव वरखाली होतो. आम्ही दोघी दिवसभर बाहेर होतो तेवढ्यात त्यांनी ती माती गॅलरीत पसरली, मुळं-काड्या निवडल्या, कडकडीत वाळवली आणि चिठ्ठ्यांसकट जिथल्या तिथे भरून ठेवली.

"धाकटे, बुरशी धरली होती बघ तिला. बरं झालं, मी पाहिलं!" कौतुकाची वाट बघत ते म्हणाले.

तिने एक पिशवी उघडून बघितली. "बाबा, मला ती बुरशीच हवी होती हो."

सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. ते जेवले नाहीत.

भांडी आवरताना मी तिला विचारलं, "थोडं पाणी शिंपडलं तर? कोणाला कळतंय?"

"वाळून त्यातले बरेचसे जीव मेले, ताई. पाणी मिळालं की उरलेले एकदम उसळतात, मोजमाप खोटं येतं. आणि मला कळेल ना." मग पुसता पुसता म्हणाली, "आठवडाभरात ऊन चढेल. मग हा ऋतू गेला, वर्षाची मेहनत अर्धवट."

हात पुसून ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. "बाबा, उद्या परत जंगलात जायचंय. मातीचा खोका उचलायला माणूस हवाय."

खोका उचलायला तिला आजवर कधी कोणी लागलं नव्हतं.

मीही डबा घेऊन निघाले. पानगळीच्या जंगलात तिने पाचोळ्याचा थर अलगद बाजूला केला. खाली पांढऱ्या सुतासारखे बारीक धागे पसरले होते. सासरे गुडघे धरत खाली बसले.

"ही... हीच मी झटकून टाकली होय?"

"हीच. पाचोळा कुजवून झाडांना खाऊ घालते ही मंडळी."

त्यांनी हात लावला नाही. नुसते बघत राहिले.

तिन्हीकडची माती बर्फाच्या खोक्यात बसली. परतीला तो खोका त्यांनी मांडीवरून खाली ठेवू दिला नाही. गाडी खड्ड्यात आपटली तसे ड्रायव्हरवर ओरडले, "अरे हळू! आत जिवंत आहेत!"

धाकटी हसत सुटली. "बाबा, हादरे चालतात त्यांना. उन्हातून खोका इकडे घ्या तेवढा."