रत्नाकरच्या नावावरची फाईल

कुठलीही गाडी आली की रत्नाकर खिल्लारे आधी तिच्यात नुसता बसून राहायचा. इंजिन चालू, एसी बंद, काचा वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि डोळे मिटलेले. संभाजीनगरहून, कधी थेट नांदेडहून बुटक्या, रुंद टायरच्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन आलेली तरुण पोरं बाहेर उन्हात चुळबुळत उभी असायची. दहा-पंधरा मिनिटांनी तो काच खाली करून लॅपटॉप मागायचा. कुणी घाई केलीच तर म्हणायचा, "आधी तिला बोलू द्या. मंग आपण बोलू."

रत्नाकर आणि मी जालन्याच्या आयटीआयला एका बाकावर होतो. पुढे मस्तगडाजवळ दोघांनी मिळून गॅरेज टाकलं. पाने-जॅक माझ्याकडे, वायरी त्याच्याकडे. आजकालच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोनं हवा किती दाबायची, हे सगळं एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्या फाईलमधले आकडे बदलले की तीच गाडी जास्त ताकद देते. हे काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जळालेले कॉम्प्युटर भंगारातून आणून, उघडून, पुन्हा जोडून तो शिकला. कंपनीची मूळ फाईल तो जपून ठेवायचा. थोडासा बदल करायचा, परतूरच्या रस्त्यावर चक्कर मारायची, आलेख बघायचा, पुन्हा थोडा बदल. एका गाडीला चार-चार दिवस लागायचे. लोक वैतागायचे, पण जायचे नाहीत.

कुणी फार कौतुक केलं की तो हसायचा. "आमच्या आज्यानं धर्म बदलला. बापानं मोंढ्यात धान्याची पोती उचलून आम्हाला शाळेत घातलं. मी नुसते आकडे बदलून राह्यलो. लई सोपं काम आहे."

हे ऐकताना मीही हसायचो, पण ते कौतुक मला टोचायचं. गाड्या त्याच्या नावानं यायच्या. फोनवर लोक मला विचारायचे, खिल्लारे आहेत का? एकदा एक जण म्हणाला, तुम्ही त्यांच्याकडे कामाला का? मी हो म्हणालो. खोटं सांगण्यापेक्षा, मी भागीदार आहे हे खरं सांगण्याची जास्त लाज वाटली होती.

विराज हा एका कारखानदाराचा मुलगा. त्याच्या लाल गाडीचं काम रत्नाकरनंच केलं होतं. पण उन्हाळ्यात इंजिन तापलं की तो कॉम्प्युटर आपणहून ताकद कमी करायचा आणि मित्रांसमोर विराजची गाडी मागं पडायची. ते संरक्षण काढून टाका, असा त्यानं हट्ट धरला. रत्नाकर तयार होईना. विराजनं मोबाईलवर परदेशातली एक तयार फाईल दाखवली. रत्नाकरनं ती लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि शांतपणे सगळी वाचून काढली. "ही थंड मुलखातली आहे," तो म्हणाला. "आपल्या मे महिन्याची तिला खबर न्हाई. आच वाढवली म्हणून भाकर जल्दी होत न्हाई भाऊ, करपते." विराज रागानं निघून गेला.

आठवड्यानं रत्नाकरची बहीण आजारी पडली म्हणून तो पिंपळगाव रेणुकाईला गेला. त्याच दुपारी विराज आला आणि मला म्हणाला, "दत्ताभाऊ, तुम्हाला येत नाही का हे?"

येत होतं. वायर कुठं जोडायची, फाईल कशी चढवायची, हे मी शंभरदा पाहिलं होतं. परदेशातली ती फाईल लॅपटॉपमध्ये होतीच. अर्ध्या तासात चढवली. विराज चक्कर मारून आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. गॅरेजमध्ये इतक्या वर्षांत कुणी माझा हात असा धरला नव्हता. रत्नाकर परत आल्यावर मी त्याला काही सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, महामार्गावर त्या गाडीचं इंजिन फुटलं. तेल मागच्या चाकांखाली आलं आणि गाडी फिरून दुभाजकावर आदळली. विराज वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आपल्याच हट्टापायी मी ती फाईल चढवली, हे विराजनं लपवलं; गाडीचं काम खिल्लारेंच्या गॅरेजमध्ये झालं, एवढंच सांगितलं. ते खरंच होतं. त्याचे वडील चार माणसं घेऊन आले. रत्नाकर एकच सांगत होता, ही फाईल माझी नाही, मी त्या दिवशी गावाला गेल्तो, लॅपटॉपमध्ये तारीख आहे. चौकशीला आलेले साहेब म्हणाले, तारीख काय, तुझ्यासारख्याला ती बदलता येतेच की. मग ते माझ्याकडे वळले. रत्नाकरही वळला. त्याच्या नजरेत संशय नव्हता, भरवसा होता. आता दत्ता सांगेल, असा.

मी म्हणालो, "मी साधा मेकॅनिक आहे साहेब. कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो."

रत्नाकर माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं तोंड मिटलं, ते पुढच्या कुठल्याही प्रश्नाला उघडलं नाही.

खटला उभा राहिला नाही, पण त्याच्या नावानं गाडी पुन्हा आली नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक जण म्हणाला, असल्या लोकांना गाडी धुवायला ठेवावं, कॉम्प्युटर कशाला द्यावा हातात. बाकीचे हसले. मी तिथंच बसलो होतो. चहा संपवून उठलो. रत्नाकरनं महिनाभरात आपलं सामान पोत्यात भरलं आणि बायकोच्या माहेरी, परतूरला गेला. गॅरेज माझं झालं. फोन आला की लोक आता माझंच नाव घ्यायचे.

तीन वर्षांनी मी परतूरला गेलो. बाजाराजवळच्या एका टपरीत तो शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करत होता. केस पिकले होते. त्यानं मला बसायला स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं, अगदी विराजनं हात धरला होता तेही. तो तारेचं टोक सोलत ऐकत होता.

"मला तर माहीतच होतं," तो म्हणाला. "लॅपटॉप तुझ्याबिगर कोण उघडणार? मला कशाला सांगून राह्यला? ज्यांना माहीत न्हाई त्यांना जाऊन सांग."

मी सांगेन म्हणालो. विराजच्या वडिलांना सांगायला त्यांच्या बंगल्यापर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा राखणदार म्हणाला, साहेब बाहेरगावी गेलेत. तेव्हा मला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा मोटरसायकलवरून उतरलोच नाही.

या हिवाळ्यात रत्नाकर गेला. टपरीतच छातीत कळ आली. पुण्यानुमोदनाला मी परतूरला गेलो. बुद्धवंदना झाली. मंडप भरला होता. जालन्याची जुनी चार-पाच गिऱ्हाईकंही आली होती. कुणीतरी म्हणालं, हे त्यांचे जुने भागीदार, यांनी दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो. रत्नाकरच्या हातात कला होती, असं बोललो. स्वभाव शांत होता, असं बोललो. माणूस मोठा होता, असंही बोललो आणि खाली बसलो.

जेवणं झाल्यावर रत्नाकरची बायको, सुनंदावहिनी, माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. मी नजर वर केली नाही.

"आज सगळे बसलेले होते, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "ते गाडीचं तेवढं बोलला असता, तर त्यांना न्हाई पण लोकांना ऐकू गेलं असतं."

मग माझ्या पुढ्यातलं उष्टं ताट उचलून त्या आत गेल्या.