कलमांच्या तासाला गैरहजर

बी.ए.च्या मुलांना आता एक व्यावसायिक विषय घ्यावाच लागतो. आमच्या सीमेवरच्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात रोपवाटिकेचा विषय आला आणि तो शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून प्राचार्यांनी तो मला दिला. मी राज्यशास्त्राचा.

"तुमचा सौंसरला संत्र्याचा बगीचा आहे ना?" ते म्हणाले.

बगीचा काकांचा होता आणि माझा त्याच्याशी संबंध संत्री सोलण्यापुरता. पण नेमणुकीच्या पत्रावर शिक्का बसला होता, आणि शिक्का बसला की आमच्याकडे माणूस तज्ज्ञ होतो. उद्घाटनाला फीत, समई आणि तीन भाषणं झाली. रोप एकही नव्हतं.

रोपं दिवाळीनंतर आली. जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाला चीर द्यायची, तीत संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा, म्हणजे कोंब, सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची, असं मी कोर्सच्या पुस्तिकेत पाहून शिकवलं. मुलांनी बांधलं. फोटो निघाला, नोटीस बोर्डावर लागला.

त्या फोटोत एक मुलगी नव्हती. तिगावची, मागच्या बाकावर बसणारी. महिनाभर गैरहजर होती. हजेरी कमी भरली की परीक्षेला बसू देत नाहीत, आणि यादी ऑफिसात बडे बाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, टेबलावर पोचली होती. मी तिला बोलावून घेतलं.

"काहून येत नाही क्लासले?"

"सीझन आहे न सर. आईसंगं कलमा बांधाले जाते, लोधीखेड्याकडं."

"आणि मी इथं काय शिकवतो?"

"कलमा बांधनं," ती खाली पाहून म्हणाली. हसली नाही, हा तिचा मोठेपणा.

तिच्या घरातून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. परीक्षा हुकली तर पुन्हा यायची नाही, हे तिला ठाऊक होतं. मलाही.

मी पुस्तिका पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर वाट होती: कामाच्या जागी घेतलेलं प्रशिक्षण हजेरीत धरता येईल, फक्त फॉर्मवर विषयतज्ज्ञाची सही हवी. तिची तज्ज्ञ म्हणजे तिची आई, कलमं बांधणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. आईने एकेक अक्षर काढून सही केली. बडे बाबूंनी फॉर्म उलटून पाहिला.

"ये किसके साइन हैं?"

"तज्ज्ञाच्या."

"कौन सी संस्था की? सील कहाँ है?"

"बाबू, तुम्ही खाता त्या संत्र्यांची झाडं या बाईंनीच बांधली असतील."

"होंगी. सील?"

शिक्का तर आमच्याकडेच होता. पुढच्या आठवड्यात मी 'विषय विशेषज्ञ का व्याख्यान' ठेवलं. प्राचार्यांना व्याख्यानं आवडतात. त्यांनी लगेच हार मागवला.

बाई आल्या त्या नव्या साडीत, कमरेला स्वतःचा चाकू खोचून, मागे मुलगी. "जयभीम सर," म्हणाल्या. हार घेतला, खुर्ची घेतली नाही. डोळा बसवतात तो जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणून त्या सरळ रोपांपाशी मातीत बसल्या. मग वर्ग बसला, मी बसलो. प्राचार्य थोडा वेळ उभे राहिले आणि पँट वर ओढून तेही उकिडवे बसले.

बाईंनी आम्ही बांधलेल्या रोपांची ओळ पाहिली. बराच वेळ पाहिली.

"सर, हे कोनं शिकवलं?"

"मी."

"सारे डोये उलटे बसवले तुमी. बिचारे मातीकडं पाहून राहिले."

वर्ग असा हसला की महिनाभराचं साठलेलं होतं हे कळावं. वर्गात संत्रेवाल्यांची निम्मी पोरं. त्यांना हे दिसलं नसेल असं होणं नाही.

"काहून बोलले नाही रे?" मी विचारलं.

"आमाले वाटलं, कोर्समंदी तसंच असन," एक जण म्हणाला.

बाईंनी चाकू काढला. मी पुस्तिकेतली एक ओळ वाचेपर्यंत त्यांची चीर, डोळा, पट्टी सगळं झालेलं असायचं. मुलगी न सांगता पट्ट्या पुढे करत होती, कोणती कधी हवी ते दोघींच्या हातांना माहीत. शेवटी प्राचार्यांनी बाईंना विशेषज्ञ असल्याचं प्रमाणपत्र दिलं, गोल शिक्का मारून.

"हे काय कामाचं, सर?"

"ते घेऊन ऑफिसात चला."

बडे बाबूंनी प्रमाणपत्र उजेडात धरलं, शिक्का पाहिला. आपलाच निघाला. मग फॉर्म पुढे ओढला. "हाँ, अब ठीक है. विशेषज्ञ के साइन हैं." आणि हजेरी भरली.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांच्या हातात आमचीच पुस्तिका होती. त्यांनी मुलीला विचारलं, "बताओ, कलम कितने दिन में पकड़ती है?"

"कौन से महीने में, सर?"

परीक्षकांनी पुस्तिका चाळली, तीत महिने नव्हतेच; मग माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपट उघडून तिच्या नावापुढच्या खुणा वाचत बसलो. एकही गैरहजेरी नव्हती.