हायसं वाटण्याची मुभा

किन्हीराजाहून माणूस आला तेव्हा मी शिरपूरला दुकान उघडत होतो. "मास्तर सुटले," एवढंच तो म्हणाला. माझ्या तोंडून "बरं झालं" निघून गेलं, आणि मग मी ओट्यावर बसून रडलो. मास्तर म्हणजे माझी धाकटी बहीण बनू हिचे यजमान. दम्यानं त्यांना अलीकडे धड आडवंही होऊ दिलं नव्हतं.

मास्तर गोष्टी लिहीत आणि त्या मासिकांत छापून येत. मनोविश्लेषणाची इंग्रजी पुस्तकं हाती पडल्यापासून त्यांना घरात साधं असं काही दिसेचना. वाटी लवंडली तरी विचारत, राग कोणावर आहे? आम्ही हसून सोडून द्यायचो. पण एक गोष्ट बनूला लागली. टपालात टाकण्याआधी प्रत्येक गोष्ट तिला वाचून दाखवायची, ही त्यांची रीत. त्या गोष्टीतली बायको आजारी नवऱ्याला फार जपते, आणि शेवटी कळतं की मनाच्या तळाशी तिला तो मेलेलाच हवा आहे… बनूनं सगळं ऐकलं आणि ती उठून चुलीकडे गेली. तेव्हा मास्तर धडधाकट होते.

पुढे दमा जडला. बनू अडुळशाचा काढा करी, पण तो सासूबाईंच्या हाती पाठवी. जपलं तर संशय, न जपलं तर पाप! मी समजावलं, तर म्हणाली, "दादा, त्याहीले मनातलं दिसते." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जगाची मनं उकलणाऱ्या मास्तरांना काढा आईच्या हातून का येतो, हे मात्र कळत नव्हतं. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

मास्तरांचं दिवसकार्य झाल्यावर बनू मला म्हणाली, "ते गेले तवा मले हायसं वाटलं, दादा." मी धसकलो. आता ही जन्मभर स्वतःला खात बसणार, असं वाटलं. पण ती शांत होती. तिनं सांगितलं, शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी आईच्या हाती आलेला काढा परत पाठवला होता आणि बनूला हाक मारली होती. ती पेला घेऊन गेली, तर धापा टाकत म्हणाले, "मी गेल्यावर तुले हायसं वाटन. वाटू दे. त्या गोष्टीत म्या चूक केली… थकल्या माणसाले हायसं वाटते, त्याच्या बुडाशी काई नसते."

परवा किन्हीराजाला गेलो. मास्तरांच्या खोलीत, ज्या बाजेवर ते रात्ररात्र बसून काढत, त्याच बाजेवर बनू भरदुपारी गाढ झोपली होती. सासूबाई उंबऱ्याशी बसून होत्या. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हलकेच दार ओढून घेतलं.