नातीची नाळ

मुखेडजवळच्या ज्या शेतात माझी नाळ पुरली, ते शेत वाटणीत चुलत्याने लाटलं. गोष्ट जुनी आहे, पण मी विसरलेलो नाही. त्याच्या बांधावरून जाताना अजून माझं डोकं तापतं. पुढे मी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून बैलांचे सौदे केले आणि स्वतःचं रान घेतलं. तेव्हाच ठरवलं होतं, नातवंड झालं की त्याची नाळ या रानात.

सून बाळंतपणाला माहेरी लातूरला गेली आणि नात झाली. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दवाखान्यात पोचलो. खाटेशेजारी व्याही बसले होते. त्यांचं डायलिसिस चालू आहे, सुया टोचून टोचून हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्यात. मी नाळ मागितली.

"मामा, ती मी दिली," सून म्हणाली.

"कुणाला?"

"प्रयोगशाळेला. नाळेतल्या रक्तवाहिनीच्या पेशी काढून गोठवून ठेवतात."

"मला इचारलं का?"

"लेकरू माझं, नाळ माझी. सही मीच केली."

बाजारात माझ्याशी असं कोणी बोलत नाही. पेढ्यांचा पुडा खाटेवर आपटला आणि पत्ता विचारून तडक तिकडे गेलो.

तिथल्या मॅडम माझ्या सुनेच्याच वयाच्या. मी म्हटलं, "आमची नाळ परत द्या. पाहिजे तर अर्धी ठेवून घ्या."

"काका, पेशी काढल्या की उरलेली नाळ नष्ट करावी लागते. आणि पेशींवर नाव नसतं, नुसता नंबर. तुमच्या नातीच्या कोणत्या, ते मला पण कळत नाही."

"देवणी वळूच्या वीर्याच्या कांडीवर सुद्धा बापाचा पत्ता लागतो, मॅडम."

"वळू तक्रार करत नाही ना, काका. माणसाचं नाव जपावं लागतं."

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. कोपऱ्यात नायट्रोजनची टाकी होती. वळूचं वीर्य ठेवतात तसलीच, झाकण उघडलं की पांढरी वाफ सोडणारी. मला वाटलं, इथेही तसंच, टाकीत बुडवलं की झालं. त्या म्हणाल्या, नाही. पेशीतल्या पाण्याचा बर्फ झाला की पेशी फुटते. म्हणून आधी औषधात भिजवायच्या, हळूहळू थंड करायच्या आणि मग टाकीत. बाहेर काढताना मात्र कोमट पाण्यात झटकन वितळवायच्या.

"आणि मेल्या तर?"

"तर पुढचं काहीच नाही. हीच तर सगळी काळजी आहे. कालच एक जुनी कुपी वितळवलीय. बघा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काही गोल ठिपके नुसते तरंगत होते. त्या मेलेल्या पेशी, मॅडम म्हणाल्या. बाकीच्या तळाला धरून पसरल्या होत्या, एकीला एक खेटून, फरशी बसवल्यासारख्या.

"याचं करणार काय?"

"यांचं अस्तर देऊन रक्तवाहिनी तयार करायची. डायलिसिसवाल्यांच्या शिरा खराब होतात, त्यांच्यासाठी. वेळ लागेल, काका. किती, ते आज सांगता येत नाही."

मला व्याह्यांचा हात आठवला. सुनेने हे सांगितलं असतं तर मी पुडा आपटला नसता. तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

नातीला घेऊन सून मुखेडला आली, तेव्हा सोबत व्याही होते. तिने माझ्या हातात कुंकवाची एक जुनी डबी ठेवली. आत बाळाच्या बेंबीवरून गळून पडलेला नाळेचा वाळका तुकडा होता.

"ओली त्यांची, वाळकी तुमची. झाला सौदा?"

"वाळकीच माझ्या वाट्याला व्हय?"

"मग द्या परत, मामा."

मी डबी खिशात घातली.

रानात लिंबाखाली मी खड्डा केला. तिथून चुलत्याचा बांध दिसतो, म्हणूनच ती जागा निवडली. व्याह्यांनी एकाच हाताने माती लोटली. दुसरा सुयांसाठी जपायचा होता. मग हात झटकत हळूच म्हणाले, "पाव्हणं, त्या तिकडच्या पेशी खरंच जगत असतील का वो?"

"जगतात," मी म्हटलं. "मी बघून आलोय."